प्रथिने काही आठवड्यांत बदलतात, मग आठवण वर्षानुवर्षे कशी टिकते?

सोलापुरातल्याच एका कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवणाऱ्या शिक्षिकेने मला विचारले आहे: "सर, चेतापेशीच्या डेन्ड्राइटवर, म्हणजे निरोप घेणाऱ्या फांद्यांवर, बारीक काटे असतात, त्यांतली प्रथिने सिनॅप्सची, म्हणजे दोन पेशींमधल्या जोडाची, ताकद कमीजास्त करतात आणि आपले शिकणे त्यावरच चालते, असे वाचले. ती नेमके काय करतात? शरीरातली प्रथिने तर सतत मोडतात आणि नव्याने बनतात, मग लहानपणीची आठवण पन्नास वर्षे कशी राहते? शिवाय पालक विचारतात, प्रोटीन पावडर दिली तर मुलाची स्मरणशक्ती वाढेल का? त्यांना काय सांगू?"

मॅडम, पावडरीचे उत्तर लहान आहे म्हणून ते आधी देतो: नाही वाढणार. खाल्लेले प्रथिन आतड्यात अमिनो आम्लांपर्यंत तुटते आणि मेंदू त्यातून आपल्याला हवी ती प्रथिने स्वतः घडवतो. घरात रोज भाकरी, डाळ, शेंगाचटणी, दूध किंवा अंडे पोटात जात असेल तर त्या मुलाच्या मेंदूला कच्चा माल कमी पडत नाही. गर्भारपणात आणि पहिल्या दोन-तीन वर्षांत खरेखुरे कुपोषण झाले तर मेंदूच्या वाढीचे नुकसान होते, तो वेगळा आणि गंभीर विषय आहे. पण अकरावी-बारावीच्या धडधाकट मुलासाठी पावडरीचा डबा आणला तर पैसे जातात, स्मरणशक्ती येत नाही. काट्यातली प्रथिने किती आहेत यापेक्षा ती कुठे आहेत आणि कोणत्या क्षणी आहेत, यावर सगळे ठरते. हे नीट कळावे म्हणून जरा लांबून सुरुवात करतो.

गेली सत्तावीस वर्षे मी मेंदूविकारांचे रुग्ण पाहतो आहे आणि त्यातली बरीच वर्षे वैद्यकीय विद्यार्थ्यांना शिकवतोही आहे. माझ्या टेबलाच्या खणात एक जुनी काचपट्टी आहे. पदव्युत्तर शिक्षण चालू असताना आमच्या सरांनी ती मला दिली होती. उंदराच्या हिप्पोकॅम्पसची, म्हणजे नव्या आठवणी नोंदवणाऱ्या मेंदूच्या भागाची, ती चकती गोल्जी पद्धतीने रंगवलेली आहे. कमी भिंगातून पाहिले तर पिवळसर पार्श्वभूमीवर दोन-चार काळी झाडे दिसतात, उन्हाळ्यात पाने झडलेल्या बाभळीसारखी. तेलाचा थेंब टाकून शंभरची लेन्स लावली की त्या फांद्यांच्या दोन्ही कडांना बारीक टोके दिसू लागतात. काही बुटकी, काही लांब सडसडीत, काहींना बारीक देठ आणि वर गोल डोके, अळंबीसारखे. हेच ते काटे. इटलीच्या गोल्जीने १८७३ मध्ये चांदीच्या क्षाराने काळे रंगवण्याची ही पद्धत शोधली. ती शेकड्यातल्या एखाद-दुसऱ्याच पेशीला रंगवते आणि म्हणूनच उपयोगी पडते, कारण सगळ्या पेशी रंगल्या असत्या तर नुसता काळा डाग दिसला असता. स्पेनच्या रामोन इ काहालने १८८८ मध्ये पक्ष्याच्या अनुमस्तिष्कात, म्हणजे लहान मेंदूत, ही टोके पाहिली आणि त्यांना 'एस्पिना' म्हटले. त्याच्या भाषेत त्याचा अर्थ काटाच. तेव्हाच्या कितीतरी नामवंतांना तो रंगाचा कचरा वाटला. काहाल मात्र आपल्या म्हणण्यावर ठाम राहिला आणि बरोबर ठरला.

आता त्या एका काट्याच्या डोक्यात शिरू. मध्यम काट्याचे डोके अर्ध्या मायक्रोमीटरच्या जरासे वर भरते. केसाच्या जाडीत अशी शंभरावर डोकी शेजारीशेजारी बसतील. आत घनफळ किती? साधारण एका घन मायक्रोमीटरचा दहावा हिस्सा. विश्रांतीत असताना चेतापेशीत मोकळ्या कॅल्शियमचे प्रमाण १०० नॅनोमोलरच्या घरात असते. तुमच्या विद्यार्थ्यांना हा गुणाकार जरूर करायला लावा: एवढ्याशा जागेत एवढ्या प्रमाणाने मोकळे कॅल्शियम आयन येतात सरासरी सहा! लाखो सोडाच, बोटांवर मोजण्याइतके. त्यामुळे एक बारीक दार क्षणभर उघडले आणि काहीशे आयन आत आले, तरी त्या काट्याच्या जगात ती मोठी घटना असते. आणि डोक्याखालच्या देठाची वाट चिंचोळी असल्याने हे कॅल्शियम शेजारच्या काट्यापर्यंत सहसा पोचत नाही. एका पेशीवर हजारो काटे, अनुमस्तिष्कातल्या पुर्किंजे पेशीवर तर लाखाच्याही वर, आणि प्रत्येकाचा हिशेब वेगळा. शिकण्यासाठी ही सोय फार मोलाची आहे. एकाच पेशीला येणारे हजार निरोप असतात आणि त्यातला नेमका एकच निरोप बळकट करायचा असतो.

ते दार म्हणजे एनएमडीए रिसेप्टर. समोरच्या पेशीच्या अक्षतंतूच्या, म्हणजे निरोप पाठवणाऱ्या लांब धाग्याच्या, टोकातून ग्लुटामेट हे निरोपाचे रसायन सुटले की काट्याच्या डोक्यावरचे दोन प्रकारचे रिसेप्टर ते पकडतात. पहिला एम्पा रिसेप्टर. हा सरळमार्गी आहे, ग्लुटामेट आले की उघडतो, सोडियम आत घेतो आणि पेशीला थोडा विद्युत धक्का देतो. सिनॅप्सची रोजची ताकद म्हणजे मुख्यतः यांचीच संख्या. दुसरा एनएमडीए. ग्लुटामेट आले तरी याच्या भोकात मॅग्नेशियमचा आयन बुचासारखा बसलेला असतो. पेशी त्याच वेळी पुरेशी उत्तेजित झाली तरच ते बूच निघते. म्हणजे इकडून निरोप आणि तिकडून पेशीची जाग, दोन्ही एकाच वेळी जुळले तर दार उघडते आणि कॅल्शियम आत येते. १९४९ मध्ये डोनाल्ड हेबने नुसत्या तर्काने मांडले होते की दोन पेशी वारंवार एकापाठोपाठ एक पेटल्या तर त्यांच्यातला जोड घट्ट होत असावा. १९७३ मध्ये ब्लिस आणि लोमो यांनी सशाच्या हिप्पोकॅम्पसमध्ये तो जोड तासन्‌तास घट्ट राहिलेला मोजून दाखवला. आज त्याला दीर्घकालीन बळकटी, म्हणजे एलटीपी म्हणतात. मॅग्नेशियमचे बूच १९८४ मध्ये उघडकीला आले, आणि हेबचा तर्क एका रेणूच्या अंगी सापडला. मला स्वतःला अजूनही वैद्यकशास्त्रातल्या सर्वांत सुंदर गोष्टींपैकी ही एक वाटते.

कॅल्शियम आत आले, पुढे काय? पुढचा मानकरी कॅमकायनेज-दोन. बारा एकके, सहा-सहाची दोन कडी एकावर एक. हिप्पोकॅम्पसमधल्या एकूण प्रथिनांत याचा वाटा २ टक्क्यांच्या आसपास आहे. एखाद्या एन्झाइमसाठी हे प्रमाण अचाट म्हणावे लागेल, कारण एन्झाइम एरवी चिमूटभर असतात. कॅल्शियम कॅल्मोड्युलिन नावाच्या प्रथिनाला भेटते, कॅल्मोड्युलिन या कड्याला भेटते, आणि कड्यातली एकके एकमेकांच्या २८६ व्या स्थानावरच्या थ्रिओनिन या अमिनो आम्लावर फॉस्फेटची खूण करू लागतात. ही खूण झाली की कॅल्शियम ओसरल्यावरही ते एकक चालू राहते. १९९२ मध्ये हे प्रथिन नसलेले उंदीर तयार केले गेले, त्यांच्यात एलटीपी नीट होईना आणि पाण्यातली लपलेली पायरी कुठे आहे हे त्यांना शिकता येईना. १९९८ मध्ये तर बाकी सगळे तसेच ठेवून फक्त ती २८६ ची जागा बदलली, तरी तेच झाले.

इथे एक सावधगिरीची गोष्ट सांगतो, कारण बऱ्याच पुस्तकांत जुनीच कथा चालू आहे. पूर्वी आम्हीही शिकवायचो की कॅमकायनेज एकदा चालू झाले की चालूच राहते आणि तीच आठवण. पुढे एकेका काट्यात हे प्रथिन चालू-बंद होताना प्रकाशाने पाहता आले. २००९ मध्ये दिसले की त्याची जाग जेमतेम मिनिटभर टिकते. २०२३ मध्ये त्याहून धक्कादायक निष्कर्ष आला, की एलटीपी सुरू करण्यात त्याच्या खुणा करण्याच्या कामापेक्षा एनएमडीए रिसेप्टरला जाऊन चिकटण्याचे, जागेवर बसण्याचे काम मोलाचे आहे. म्हणजे आपण ज्याला कारागीर समजत होतो तो बराचसा खांब निघाला. यावर अजून काम चालू आहे, पण वर्गात 'चालूच राहणारे बटण' असे सांगू नका, एवढी माझी विनंती.

काट्याला आकार देणारे प्रथिन ॲक्टिन. ते आपल्या स्नायूंतही असते, पण इथे त्याचे काम वेगळे. छोटे मणी जुळून धागे बनतात, धाग्यांची जाळी डोके फुगवून धरते. ही जाळी अजिबात स्वस्थ नसते. विश्रांतीतल्या काट्यातलेही बहुतेक ॲक्टिन मिनिटभराच्या आत सुटून पुन्हा जुळते. म्हणजे बाहेरून शांत दिसणारा काटा आतून सारखा उसवतो आणि विणला जातो. एलटीपीचा निरोप आला की धागे तोडणाऱ्या कोफिलिन नावाच्या प्रथिनावर लगाम बसतो, जुळणी तुटीवर मात करते आणि डोके फुगते. २००४ मध्ये जपानच्या कासाई यांच्या प्रयोगशाळेने लेसरच्या झोताने एकाच काट्यासमोर ग्लुटामेट सोडले आणि तो एकच काटा काही मिनिटांत दुपटीहून मोठा होताना पाहिला. शेजारचे काटे जसेच्या तसे. त्यातही लहान काटे मोठे झाले ते मोठेच राहिले, आधीपासून मोठे असलेले मात्र पुन्हा पूर्ववत झाले. म्हणून आमच्या क्षेत्रात म्हणतात की बारीक काटे शिकायला मोकळे असतात आणि जाडजूड काटे शिकलेले धरून ठेवतात.

डोके फुगले म्हणून निरोप जोरात ऐकू येईल असे नाही. त्यासाठी एम्पा रिसेप्टर वाढायला हवेत. काट्याच्या टोकाला, अक्षतंतूच्या बरोबर समोर, प्रथिनांची एक दाट बैठक असते. तिची जाडी ३० ते ५० नॅनोमीटर आणि तिच्यात हजाराच्या वर जातींची प्रथिने. पीएसडी-९५ हे तिथले मुख्य मचाण, एका बैठकीत सरासरी सुमारे ३०० प्रती. याच्या अंगावर खोबणी असतात, त्यांत इतर प्रथिनांची शेपटे अडकतात. रिसेप्टर पेशीच्या पटलावर तरंगत, घसरत फिरत असतात आणि रिकामी खोबण सापडली की थांबतात. काही आतल्या पिशव्यांतून नव्याने वर आणले जातात. या फिरत्या रिसेप्टरांना पटलावरच जखडून टाकले तर एलटीपीच नीट होत नाही, हे २०१७ मध्ये दाखवले गेले. आणखी एक, सिनगॅप. हे बैठकीत भरपूर असते आणि वाढीच्या निरोपावर ब्रेक लावून बसलेले असते. कॅमकायनेज जागे झाले की सिनगॅप बैठक सोडून बाहेर पसरते. ब्रेक निघाला, तिथे जागाही झाली. या प्रथिनाचे जनुक बिघडले तर बाळाला मतिमंदत्व आणि फिट्स येतात. तपासणी महाग आहे, पण कारण न सापडलेल्या अशा मुलांत ती करून घ्यावी असे माझे मत आहे. उपचार लगेच बदलला नाही तरी आईबापांच्या मनातला 'आमचे काय चुकले' हा प्रश्न तरी सुटतो.

या सगळ्याला क्रम असतो. आधी ॲक्टिन आणि कोफिलिन आत येतात, डोके फुगते. मचाणाची प्रथिने, पीएसडी-९५, होमर, शँक, ती मागाहून, तासाभराने किंवा त्याहून उशिरा वाढतात आणि त्यासाठी नवी प्रथिने बनावी लागतात. हे बनवायचे कारखाने सगळे पेशीच्या मध्यात नसतात. १९८२ मध्ये काट्यांच्या बुंध्याशीच रायबोसोमचे, म्हणजे प्रथिने जुळवणाऱ्या यंत्रांचे, पुंजके दिसले होते. म्हणजे काट्याच्या दारातच छोटे वर्कशॉप. शिकल्यावर लगेचचा काळ नाजूक का असतो, याचे एक कारण यात आहे. काटा फुगलेला असतो पण बैठक अजून पक्की व्हायची असते.

उलट दिशाही तितकीच गरजेची. कॅल्शियम जोरात आणि थोडा वेळ आले तर बळकटी होते. मंद मंद, बराच वेळ आले तर कॅल्सिन्युरिन नावाचे प्रथिन आधी जागे होते, ते खुणा पुसवते, रिसेप्टर आत ओढले जातात, काटा आखडतो. ग्लुटामेट तेच, दार तेच, कॅल्शियमही तेच. फरक फक्त लयीचा. विसरणे म्हणजे बिघाड, ही समजूत घेऊन माझ्याकडे कितीतरी जण येतात, त्यांना मी हेच सांगतो की मेंदू कमी करण्याचे काम मुद्दाम, स्वतंत्र प्रथिने ठेवून करतो.

आता एक मुलगी. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. सोलापूरच्या पूर्व भागातली, एकोणीस वर्षांची, घरात वडील मागावर आणि आई विड्या वळणारी. आठ-दहा दिवसांत ती चिडचिडी, मग भ्रमिष्ट झाली, रात्र रात्र जागू लागली, तोंड वेडेवाकडे हलवू लागली, मग फिट आली. घरच्यांना आधी बाहेरचे काहीतरी वाटले, नंतर मानसिक आजाराच्या गोळ्या सुरू झाल्या, तोवर दोन आठवडे गेले. पाठीतले पाणी तपासले, त्यात एनएमडीए रिसेप्टरविरुद्धची प्रतिपिंडे निघाली. हा आजार नीट ओळखला गेला तोच मुळी २००७ मध्ये, दाल्माउ आणि सहकाऱ्यांमुळे. कधी कधी त्याच्या मुळाशी बीजकोशातली गाठ असते. हिला तशी गाठ नव्हती. स्टेरॉइड, प्लाझ्मा बदलणे, पुढे आणखी औषधे, असे करत ती तीन महिन्यांनी घरी गेली.

त्यानंतरच्या एका भेटीला आईने कामाचे सूप बरोबर आणले होते, कारण दुपारपर्यंत विड्यांचा हिशेब द्यायचा होता. बाकावर बसल्या बसल्या मुलीने पान हातात घेतले, कात्रीने बरोबर मापात कापले, तंबाखू भरली, वळली, टोक दुमडले आणि दोरा गुंडाळला. एक, दोन, तीन. लहानपणापासूनचा सराव, बोटे कुठेही अडली नाहीत. आणि या पाच मिनिटांत तिने आईला तीनदा विचारले, "अम्मा, आपण बसने आलो की रिक्षाने?" जुने, पक्के झालेले काटे शाबूत होते. नवे काही पकडायचे दार मात्र अजून पुरते उघडत नव्हते. प्रयोगशाळेत या प्रतिपिंडांचा परिणाम पाहिला गेला आहे. ती रिसेप्टरांना जोडीजोडीने चिकटवतात आणि पेशी ते आत ओढून घेते. काट्यांची संख्या तीच राहते, एम्पा रिसेप्टर तसेच राहतात, फक्त एक प्रथिन जागेवरून नाहीसे होते. प्रतिपिंडे काढली की ते परत येते. म्हणूनच या आजारात एवढी भीषण अवस्था होऊनही नीट उपचार मिळालेले सुमारे ८० टक्के रुग्ण दोन वर्षांत चांगले सावरतात. ही मुलगीही सावरली. आजारपणाचे ते महिने मात्र तिला आठवत नाहीत, आणि आठवणारही नाहीत, कारण ते कधी नोंदलेच गेले नाहीत. वाचणाऱ्यांना कळकळीने सांगतो: तरुण मुलीला एकाएकी मानसिक लक्षणे, जोडीला फिट किंवा तोंडाच्या विचित्र हालचाली दिसल्या, तर मेंदूविकारतज्ज्ञाला दाखवायला एक दिवसही घालवू नका.

आता तुमचा खरा प्रश्न. सिनॅप्समधल्या बहुतेक प्रथिनांचे आयुष्य काही दिवस ते काही आठवडे. मग पन्नास वर्षांची आठवण कशावर उभी? १९८४ मध्ये फ्रान्सिस क्रिकने, हो, तोच डीएनएवाला, नेमका हाच प्रश्न छापून विचारला होता. त्याचा अंदाज असा, की जुना रेणू जाण्याआधी शेजारचा रेणू नव्यावर खूण करत असला पाहिजे.

तुम्ही सोलापूरच्या आहात, तेव्हा गड्ड्याच्या यात्रेतले नंदीध्वज पाहिलेच असतील. संक्रांतीच्या सुमारास सात काठ्या निघतात, ६८ लिंगांना जाऊन येतात. एवढी उंच, जड, सजवलेली काठी एक माणूस सगळ्या वाटेभर पेलत नाही. पांढऱ्या बाराबंदीतले हात बदलत राहतात. पुढचा माणूस आधी घट्ट पकडतो, मगच पहिला सोडतो. काठी मात्र उभीच. सकाळी जिने प्रस्थान ठेवले तीच काठी रात्री परत आली, असे आपण म्हणतो आणि ते खरे असते, जरी पेलणारे सगळे बदलले असले तरी. काट्यात हेच घडते. पीएसडी-९५ ची एक प्रत गेली, तिच्या जागी दुसरी खोबणीत बसली. ॲक्टिन तर मिनिटा-मिनिटाला बदलते. टिकते ती बैठकीची रुंदी, डोक्याचा आकार, रिसेप्टरांची संख्या. मोठ्या बैठकीत जास्त जागा, म्हणून तिथे जास्त नवी प्रथिने थांबतात, म्हणून ती मोठीच राहते.

पण हातात हात देताना कोण कुणाला पकडतो, हे दाखवता आले पाहिजे. पीकेएम-झेटा नावाच्या प्रथिनाची कथा यासाठी बघण्यासारखी आहे. ते आठवण टिकवते असे दोन हजारच्या दशकात वाटले, कारण त्याला अडवणारे औषध दिले की जुन्या आठवणी पुसल्या जात. २०१३ मध्ये ते प्रथिनच नसलेले उंदीर तपासले तर त्यांची स्मृती ठीक निघाली आणि औषध त्यांच्यातही तोच परिणाम दाखवू लागले. कथा संपली असे वाटले. २०२४ मध्ये ती पुन्हा उभी राहिली, वेगळ्या रूपात. किब्रा नावाचे प्रथिन बळकट झालेल्या सिनॅप्सवर पीकेएम-झेटाला धरून ठेवते. ही पकड सोडवली की महिनाभर जुनी आठवणही ढळते. एकेक रेणू इतका टिकत नाही, टिकते ती जोडी. मला हे क्रिकच्या प्रश्नाचे आतापर्यंतचे सर्वांत पटणारे उत्तर वाटते. उंदरातले आहे, माणसातले सिद्ध व्हायचे आहे, हेही वर्गात सांगा.

म्हणून 'आठवण प्रथिनात साठते' असे फळ्यावर लिहू नका. 'आठवण सिनॅप्सांच्या ताकदीत टिकते आणि ती ताकद प्रथिने आळीपाळीने पेलतात' असे लिहा.

बिघाडाचे एक उदाहरण अजून, कारण त्यातून प्रमाणाचा मुद्दा स्पष्ट होतो. वंशपरंपरेने येणाऱ्या बौद्धिक अक्षमतेचे सर्वांत मोठे एकेरी कारण म्हणजे फ्रॅजाइल एक्स. एका जनुकात सीजीजी ही अक्षरे २०० पेक्षा जास्त वेळा लागोपाठ येतात, जनुक बंद पडते आणि एफएमआरपी नावाचे प्रथिन बनतच नाही. त्याचे काम होते काट्याजवळच्या वर्कशॉपला आवर घालण्याचे. आवर गेला, प्रथिने वाजवीपेक्षा जास्त बनू लागली आणि काटे लांब, बारीक, कच्चे राहिले. प्रथिन जास्त आणि शिकणे कमी, असे हे गणित आहे. पावडर विकणाऱ्यांना हे उदाहरण जरूर ऐकवा. उंदरांत एका रिसेप्टरला अडवून बरीच सुधारणा झाली होती, माणसांवरच्या चाचण्यांत मात्र तो फायदा दिसला नाही. त्या मुलांच्या पालकांसमोर हे सांगताना जड जाते, पण खोटी आशा दाखवणे त्याहून वाईट.

विद्यार्थ्यांना सांगण्याजोगे दोन मुद्दे. एक झोप. २००९ मध्ये असे दिसले की उंदराला पुढच्या पंजाने फटीतून दाणा उचलायला शिकवले की तासाभरातच मेंदूच्या संबंधित भागात नवे काटे फुटतात आणि सराव चालू ठेवला तर त्यातले काही टिकतात. झोपेत या नव्या जोडांची पक्की बांधणी होते आणि बाकीच्यांची छाटणीही. २०१७ मध्ये उंदरांच्या मेंदूत मोजले, तर झोपेनंतर सिनॅप्सचा संपर्काचा भाग सरासरी सुमारे १८ टक्क्यांनी आक्रसलेला होता, सर्वांत मोठे सिनॅप्स सोडून. त्याच वर्षी दिसले की झोपेत होमर-वन-ए नावाचे प्रथिन काट्यांत शिरते आणि एम्पा रिसेप्टर कमी करवते, म्हणजे दुसऱ्या दिवशी शिकायला जागा होते. परीक्षेआधी रात्रभर जागणारा मुलगा ही मोकळी जागा स्वतःच्या हाताने बुजवतो.

दुसरा ताण. बंगळुरूच्या नॅशनल सेंटर फॉर बायोलॉजिकल सायन्सेसमध्ये सुमंत्र चटर्जी यांच्या गटाने २००२ मध्ये दाखवले की सततच्या ताणाने हिप्पोकॅम्पसमधल्या डेन्ड्राइटांच्या फांद्या खुरटतात, तर भीती सांभाळणाऱ्या अमिग्डालात त्या उलट वाढतात. पुढे काट्यांच्या बाबतीतही अमिग्डालात अशीच वाढ दिसली. घरात रोज ओरडा खाणारा मुलगा धडा विसरतो आणि ओरडा लक्षात ठेवतो, हे आपण पाहतोच. पालक सभेत एवढे जरी सांगितलेत तरी पावडरीच्या प्रश्नापेक्षा जास्त कामाचे होईल.

तुमच्या प्रयोगशाळेतल्या सूक्ष्मदर्शकाला शंभरची तेलाची लेन्स असेल तर मला कळवा. नसेल तर रविवारी सकाळी मुलांना घेऊन माझ्याकडे या, एका वेळी आठ-दहा जण पुरेत. ती काचपट्टी काढून ठेवतो. मुलांना आधी कमी भिंगातून झाड शोधू द्या, मग एक फांदी पकडून हळूहळू भिंग वाढवू द्या. काटा दिसला की प्रत्येकाने तो वहीत पेन्सिलने काढायचा, बुटका की सडसडीत हे शेजारी लिहायचे. शेवटी सगळ्यांची चित्रे एका ओळीत मांडू, म्हणजे एकाच फांदीवर किती तऱ्हेचे काटे असतात ते त्यांना आपल्याच हाताने काढलेले दिसेल.